स्मृतिभ्रंश व वार्धक्यातील मृत्यू

स्मृतिभ्रंश व वार्धक्यातील मृत्यू : मेंदूतील तंत्रिका कोशिकांचा (मज्जापेशींचा) क्रमशः ऱ्हास होऊन स्मरण, भाषा, आकलन, दिशाज्ञान आणि निर्णयशक्ती या क्षमता इतक्या क्षीण होतात, की व्यक्तीला आपले नित्याचे व्यवहार स्वतंत्रपणे करता येत नाहीत. या अवस्थेस स्मृतिभ्रंश असे म्हणतात. तो एकच एक रोग नसून अनेक रोगांमुळे उद्भवणारा लक्षणसमूह आहे. विस्मरण हे त्याचे सर्वपरिचित लक्षण असले, तरी ऱ्हास तेथेच थांबत नाही. चालणे, गिळणे, मलमूत्रावर ताबा ठेवणे यांसारख्या शारीरिक क्रियाही अखेरीस मेंदूच्या नियंत्रणातून सुटतात व रुग्णाला मृत्यू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात सु. ५ कोटी ७० लाख लोकांना हा विकार होता आणि त्या वर्षी त्यामुळे सु. १८ लाख मृत्यू झाले. मृतांत स्त्रियांचे प्रमाण ६८ टक्के होते. मृत्यूंचे असे आकडे मात्र सावधपणे वाचावे लागतात. कारण स्मृतिभ्रंशाने येणारा मृत्यू बहुधा दुसऱ्याच एखाद्या रोगाच्या नावाने नोंदला जातो आणि मूळ विकार नोंदीबाहेर राहतो.

‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द जुना आहे. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात तो क्रोधाच्या परिणामांची परंपरा सांगताना येतो. तेथे त्याचा अर्थ नैतिक आहे, वैद्यकीय नाही. मराठी बोलीत वृद्धाच्या विसंगत वागण्याला ‘म्हातारचळ’ म्हणतात आणि ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण सर्वतोमुखी आहे. या शब्दप्रयोगांमागे बुद्धीचा ऱ्हास हा वार्धक्याचा स्वाभाविक भाग होय, अशी समजूत आहे. ती चुकीची आहे. वयाबरोबर नावे आठवण्यास वेळ लागणे किंवा नवी गोष्ट शिकणे जड जाणे हे स्वाभाविक असते. परंतु स्वतःच्या घराची वाट न सापडणे किंवा जेवण झाले की नाही हे न उमजणे हे रोगाचे लक्षण आहे. ऐंशी-नव्वदीतही बहुसंख्य वृद्धांची बुद्धी शाबूत असते. समजुतीतील या चुकीमुळे रोगाचे निदान लांबते आणि पुढे मृत्यूच्या कारणातही ‘म्हातारपण’ एवढेच सांगितले जाते.

स्मृतिभ्रंशाच्या एकूण रुग्णांपैकी ६० ते ७० टक्क्यांमध्ये अल्झायमर रोग हे कारण आढळते. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या विकारांमुळे होणारा स्मृतिभ्रंश, लुई पिंडांशी निगडित स्मृतिभ्रंश आणि मेंदूच्या ललाट व शंख खंडांच्या ऱ्हासाने होणारा स्मृतिभ्रंश हे इतर प्रमुख प्रकार होत. अतिवृद्धांमध्ये एकाहून अधिक प्रकार एकत्र आढळणे हे अपवादात्मक नसून नेहमीचे आहे.

इतिहास : जर्मन मानसचिकित्सक आलोइस अल्झायमर यांनी ज्या रुग्ण स्त्रीच्या अभ्यासावरून या रोगाचे वर्णन केले, ती वैद्यकाच्या इतिहासात ऑगुस्टे डी. या नावाने ओळखली जाते. वयाच्या ५१ व्या वर्षी, १९०१ मध्ये, तिला फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि एप्रिल १९०६ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्या वेळी अल्झायमर म्यूनिक येथे काम करीत होते. तिचा मेंदू त्यांच्याकडे पाठविण्यात आला. त्यात आढळलेले प्रथिनांचे साठे व कोशिकांतील तंतूंची गुंतवळ यांचे वर्णन त्यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथील सभेत केले. या स्त्रीच्या रुग्णालयातील नोंदी १९९५ मध्ये पुन्हा सापडल्या. त्यांनुसार तिच्या मृत्यूचे निकटचे कारण दीर्घकाळ अंथरुणाला खिळल्याने झालेले शय्याव्रण व त्यांतून रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग हे होते. म्हणजे जिच्यावरून हा रोग ओळखला गेला, त्या रुग्णाचा मृत्यूही प्रत्यक्षात दुसऱ्याच एका कारणाने झाला असे कागदोपत्री दिसते. या रोगाच्या मृत्यूविषयीचा पुढील सर्व गोंधळ या पहिल्याच उदाहरणात बीजरूपाने आहे.

एमील क्रेपेलीन यांनी १९१० मध्ये आपल्या पाठ्यपुस्तकात या विकाराला अल्झायमर यांचे नाव दिले. परंतु पुढे अनेक दशके ते नाव केवळ ६५ वर्षांपूर्वी होणाऱ्या, म्हणून दुर्मिळ अशा विकारालाच लावले जात असे. त्यानंतर होणाऱ्या बुद्धिऱ्हासाला ‘वार्धक्यजन्य’ म्हणून बाजूला ठेवण्यात येई. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ब्लेसेड, टॉमलिन्सन व रॉथ यांनी वृद्धांच्या शवपरीक्षांवर केलेल्या अभ्यासातून (१९६८) दोन्ही वयोगटांतील मेंदूचे विकृतिविज्ञान एकच असल्याचे दिसू लागले. १९७६ मध्ये अमेरिकन तंत्रिकावैज्ञानिक रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीय लेखात हा भेद सोडून देण्याचे आवाहन केले. हा भेद सोडल्यास अल्झायमर रोग हे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील मृत्यूचे चौथ्या वा पाचव्या क्रमांकाचे कारण ठरेल, असे त्यांनी दाखवून दिले. त्या काळच्या मृत्यूच्या अधिकृत सारण्यांत मात्र या रोगाचा उल्लेखही नसे. एका व्याख्येतील बदलाने एखादा ‘दुर्मिळ’ रोग मृत्यूच्या प्रमुख कारणांत जाऊन बसावा, अशी उदाहरणे वैद्यकात थोडीच आहेत.

मृत्यू कसा ओढवतो : अल्झायमर रोगाची सुरुवात बहुधा स्मरणाशी संबंधित असलेल्या शंख खंडाच्या आतील भागात होते. तेथून ऱ्हास मेंदूच्या बाह्यकात पसरत जातो. रुग्णास प्रथम अलीकडच्या घटना आठवत नाहीत, मग शब्द सापडत नाहीत, नंतर माणसे ओळखू येत नाहीत. या अवस्थांत काही वर्षे जातात व त्या काळात शरीर बरेचसे धडधाकट असते. त्यामुळे नातेवाइकांस हा केवळ मनाचा आजार वाटतो. पुढे पावले अडखळू लागतात, तोल जातो, आधाराशिवाय बसणे अशक्य होते आणि शेवटी रुग्ण अंथरुणाला खिळतो.

या अखेरच्या टप्प्यात सर्वांत निर्णायक ठरते ती गिळण्याची क्रिया. घास चघळणे, तो जिभेने मागे ढकलणे आणि तो घशातून जात असताना श्वासमार्ग क्षणभर बंद होणे या क्रिया निरोगी माणसाच्या ध्यानातही येत नाहीत. त्यांच्या मागे मात्र तोंड, जीभ, घसा व स्वरयंत्र यांच्या अनेक स्नायूंचा अचूक मेळ असतो. हा मेळ बिघडला की घास तोंडात तसाच राहतो, पाणी पिताना ठसका लागतो आणि अन्नाचे कण किंवा लाळ श्वासनलिकेत उतरते. खोकल्याची प्रतिक्षिप्त क्रियाही मंदावलेली असल्याने पुष्कळदा ठसकाही लागत नाही व काही घडल्याचे कोणाच्या लक्षात येत नाही. तोंडातील जंतू अशा रीतीने फुप्फुसात पोहोचून फुप्फुसशोथ (न्यूमोनिया) होतो. दात व हिरड्या अस्वच्छ असतील तर हा धोका वाढतो. म्हणून अशा रुग्णाच्या मुखस्वच्छतेकडे लक्ष देणे हा शुश्रूषेचा महत्त्वाचा भाग मानला जातो. स्वीडनमधील लुंड येथे १९७४ ते २००४ या काळात शवपरीक्षा झालेल्या ५२४ स्मृतिभ्रंशग्रस्तांच्या अभ्यासात श्वासनलिका-फुप्फुसशोथ हे मृत्यूचे निकटचे कारण सु. ३८ टक्के रुग्णांत, तर हृदयाच्या रक्तपुरवठ्यातील दोष सु. २३ टक्के रुग्णांत आढळला.

फुप्फुसशोथाखेरीज इतर मार्गही आहेत. वजन घटण्यास रोगाच्या प्रारंभापासूनच सुरुवात होऊ शकते. भूक न कळणे, जेवायला विसरणे, हाताने घास घेता न येणे व नंतर तो गिळता न येणे यांमुळे कुपोषण व शरीरातील पाण्याची तूट वाढत जाते. कुपोषणाने रोगप्रतिकारक्षमता घटते, जखमा भरत नाहीत. मूत्रमार्गाचा संसर्ग, शय्याव्रण, पायांच्या शिरांत रक्त गोठून त्याची गुठळी फुप्फुसात जाणे हे सर्व हालचाल थांबल्याचे परिणाम होत. रुग्ण स्वतः वेदना सांगू शकत नाही, ही बाब या सर्वांना अधिक गंभीर करते. ताप आल्याचे, छातीत दुखत असल्याचे किंवा लघवी अडल्याचे त्याच्या तोंडून समजत नाही. केवळ अस्वस्थपणा, झोपाळूपणा किंवा अन्नास नकार एवढेच दिसते आणि हेही ‘आजार वाढला’ असे समजून सोडून दिले जाते.

अमेरिकेतील बॉस्टन परिसरातील २२ शुश्रूषागृहांत राहणाऱ्या, स्मृतिभ्रंशाच्या अंतिम अवस्थेतील ३२३ रुग्णांचे सुझन मिचेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ महिने निरीक्षण केले (२००९). या काळात ५४.८ टक्के रुग्ण मरण पावले. खाण्यापिण्याच्या अडचणी ८५.८ टक्के, तापाचे आजार ५२.६ टक्के व फुप्फुसशोथ ४१.१ टक्के रुग्णांत आढळले. फुप्फुसशोथ झालेल्यांपैकी जवळजवळ निम्मे (४६.७ टक्के) पुढील सहा महिन्यांत दगावले. हृदयविकाराचा झटका किंवा कर्करोग यांसारखी आकस्मिक वा स्वतंत्र कारणे या मृत्यूंत क्वचितच होती. स्मृतिभ्रंश हा स्वतःच प्राणघातक रोग आहे, या निष्कर्षास या अभ्यासाने मोठे बळ दिले.

आयुर्मर्यादेवर परिणाम करणाऱ्या बाबी : रोगाच्या प्रारंभानंतर रुग्ण किती काळ जगेल हे सर्वाधिक त्याच्या वयावर अवलंबून असते. इंग्लंड व वेल्समधील १३,००४ वृद्धांच्या दीर्घकालीन पाहणीत ज्या ४३८ जणांना स्मृतिभ्रंश झाला, त्यांपैकी निम्मे पुरुष ४.१ वर्षांत व निम्म्या स्त्रिया ४.६ वर्षांत मरण पावल्या. पासष्ट ते एकोणसत्तर या वयात रोग सुरू झालेल्यांची मध्यमान आयुर्मर्यादा १०.७ वर्षे होती, तर नव्वदीनंतर सुरू झालेल्यांची ३.८ वर्षे. स्मृतिभ्रंशाने मरणाऱ्यांत स्त्रियांची संख्या अधिक असते, कारण स्त्रिया अधिक वर्षे जगतात व रोग जडण्याच्या वयापर्यंत पोहोचतात. परंतु रोग जडल्यानंतर पुरुष तुलनेने लवकर मरण पावतात. ही दोन विधाने परस्परविरोधी वाटली तरी तशी नाहीत.

शिक्षणाचा परिणाम याहून विलक्षण आहे. शालेय शिक्षण न मिळालेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक असते, हे अनेक देशांत दिसून आले आहे. याउलट न्यूयॉर्क येथील याकॉव्ह स्टर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे दाखविले, की अल्झायमर रोगाचे निदान झालेल्यांमध्ये उच्चशिक्षित व बौद्धिक व्यवसाय केलेले रुग्ण अल्पशिक्षितांपेक्षा लवकर मरण पावतात. शिक्षणाने मेंदूत एक प्रकारची राखीव क्षमता निर्माण होते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. या क्षमतेच्या बळावर ऱ्हास बराच पुढे जाईपर्यंत लक्षणे झाकली जातात. ती दिसू लागतात तेव्हा मेंदूची हानी आधीच खूप झालेली असते व उरलेला काळ थोडा असतो. निदानापासून मृत्यूपर्यंतचा काळ मोजणारी आकडेवारी यामुळे फसवी ठरू शकते. उशिरा निदान होणाऱ्या समाजात रुग्ण लवकर मरतात असे दिसेल, प्रत्यक्षात त्यांचा रोग केवळ उशिरा ओळखला गेलेला असेल.

प्रकारानुसारही फरक पडतो. लुई पिंडांशी निगडित स्मृतिभ्रंशात आयुर्मर्यादा सामान्यतः अल्झायमर रोगापेक्षा कमी असते. रक्तवाहिन्याजन्य प्रकारात पक्षाघात व हृदयविकार मृत्यूस कारण होतात. क्रॉइट्सफेल्ट-याकोब रोगासारख्या दुर्मिळ प्रकारात तर मृत्यू बहुधा वर्षाच्या आतच येतो. मधुमेह, अतिरक्तदाब, हृदयविकार व धूम्रपान हे घटक दुहेरी काम करतात : ते स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता वाढवितात व झाल्यावर मृत्यूही जवळ आणतात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगे असे १४ घटक सांगितले असून त्यांत श्रवणदोष, दृष्टिदोष, नैराश्य, एकाकीपणा व हवेचे प्रदूषण यांचाही समावेश आहे. हे घटक प्रामुख्याने रोग होण्याशी संबंधित आहेत. रोग झाल्यानंतरच्या मृत्यूशी त्यांचा संबंध सारखाच असेल असे गृहीत धरता येत नाही.

तीव्र स्वरूपाच्या आजारपणाचा तडाखा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णास इतरांपेक्षा फार जोराचा बसतो. न्यूयॉर्क येथील मॉरिसन व स्यू यांच्या अभ्यासानुसार (२०००) खुब्याचे हाड मोडून रुग्णालयात आलेल्या, अंतिम अवस्थेतील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी ५५ टक्के सहा महिन्यांत मरण पावले. बुद्धी शाबूत असलेल्या वृद्धांत हे प्रमाण १२ टक्के होते. फुप्फुसशोथासाठी हेच आकडे अनुक्रमे ५३ व १३ टक्के होते. रुग्णालयातील अपरिचित वातावरण, रात्रीचे दिवे, बांधून ठेवणे व औषधांची गर्दी यांमुळे अशा रुग्णास तीव्र संभ्रमावस्था (वात किंवा भ्रम होणे) जडते आणि ती ओसरल्यानंतरही पूर्वीची स्थिती बहुधा परत येत नाही. कोव्हिड-१९ च्या साथीत हीच दुर्बलता मोठ्या प्रमाणावर दिसली. इंग्लंड व वेल्समध्ये मार्च ते जून २०२० या काळात त्या रोगाशी संबंधित मृत्यूंपैकी सु. एक चतुर्थांश मृत्यूंत आधीपासूनचा प्रमुख आजार म्हणून स्मृतिभ्रंशाची नोंद होती. इतर कोणत्याही आजाराचे प्रमाण एवढे नव्हते.

उपचारांतून उद्भवणारे धोके : रुग्ण रात्री भटकतो, आरडाओरडा करतो, मारायला धावतो अशा वेळी मनोविकृतीवरील शामक औषधे देण्याची प्रथा सर्वत्र आहे. घरच्यांची अगतिकता पाहता ती समजण्याजोगी आहे. पण ती निर्धोक नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १७ चाचण्यांच्या आधारे २००५ मध्ये असा इशारा दिला, की या गटातील नव्या औषधांमुळे स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांत मृत्यूचे प्रमाण १.६ ते १.७ पट होते. सु. दहा आठवड्यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी ४.५ टक्के, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी २.६ टक्के मरण पावले होते. मृत्यूची कारणे मुख्यत्वे हृदयाशी संबंधित किंवा फुप्फुसशोथासारख्या संसर्गाची होती. हा इशारा २००८ मध्ये जुन्या औषधांनाही लागू करण्यात आला. ब्रिटनमधील एका चाचणीत (२००९) पूर्वीपासून अशी औषधे घेणाऱ्या रुग्णांपैकी काहींचे औषध चालू ठेवले व काहींना त्याऐवजी निष्क्रिय गोळी दिली. दोन वर्षांनंतर औषध चालू असलेल्यांपैकी ४६ टक्के, तर बंद केलेल्यांपैकी ७१ टक्के हयात होते. लुई पिंडांच्या प्रकारात या औषधांची प्रतिक्रिया विशेष तीव्र व काही वेळा प्राणघातक असते. म्हणून वेदना, बद्धकोष्ठ, संसर्ग, श्रवणदोष, एकाकीपणा यांपैकी कोणते कारण अस्वस्थतेमागे आहे हे आधी पाहावे व औषध द्यावेच लागले तर ते अल्प मात्रेत व थोड्या मुदतीसाठी द्यावे, असा आता सर्वसाधारण संकेत आहे.

रुग्ण गिळू शकत नाही, तेव्हा नाकातून किंवा पोटाला छिद्र पाडून जठरात घातलेल्या नळीने अन्न द्यावे काय, हा प्रश्न सर्वांत कठीण आहे. अन्नावाचून कोणाला ठेवणे हे भारतीयच काय, कोणत्याही समाजाच्या मनास पटत नाही. तथापि आतापर्यंतच्या संशोधनात अंतिम अवस्थेतील स्मृतिभ्रंशात नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते, फुप्फुसशोथ टळतो किंवा शय्याव्रण भरून येतात, असा पुरावा मिळालेला नाही. लाळ श्वासमार्गात जाणे नळीने थांबत नाही. शिवाय रुग्ण ती ओढून काढू नये म्हणून त्याचे हात बांधण्याची पाळी येते. याऐवजी रुग्णाला ताठ बसवून, मऊ व घट्टसर अन्न, लहान घासांनी, त्याला हवे तेवढेच व सावकाश हाताने भरविणे तज्ञ श्रेयस्कर मानतात. बॉस्टनच्या उपर्युक्त पाहणीत असेही आढळले, की आजाराचा शेवट कसा असतो हे ज्यांच्या नातेवाइकांना नीट समजले होते, त्या रुग्णांना अखेरच्या तीन महिन्यांत रुग्णालयात हलविणे, शिरेतून औषधे देणे, नळी घालणे यांसारख्या त्रासदायक उपायांना कमी प्रमाणात सामोरे जावे लागले.

मृत्यूची नोंद : मृत्यूच्या कारणाचा आंतरराष्ट्रीय दाखला दोन भागांचा असतो. पहिल्या भागात मृत्यूचे निकटचे कारण, त्याच्या मागचे कारण व सर्वांत खाली मूळ कारण अशी साखळी लिहावयाची असते; दुसऱ्या भागात मृत्यूस हातभार लावणारे इतर आजार येतात. ज्या रोगाने मृत्यूकडे नेणाऱ्या घटनांची मालिका सुरू केली, तो मूळ कारण मानला जातो आणि आकडेवारीत त्याचीच गणना होते. अल्झायमर रोगाच्या रुग्णाला गिळण्याच्या दोषामुळे फुप्फुसशोथ होऊन मृत्यू आला असेल, तर ‘फुप्फुसशोथ’, त्याखाली ‘गिळण्यातील दोष’ व त्याखाली ‘अल्झायमर रोग’ अशी नोंद शास्त्रशुद्ध होय. प्रत्यक्षात वैद्य पुष्कळदा केवळ पहिली ओळ भरतो किंवा ‘हृदयक्रिया बंद पडल्याने’ असे लिहितो. हृदयक्रिया प्रत्येक मृत्यूत बंद पडते. त्यामुळे या नोंदीतून काहीच कळत नाही. स्मृतिभ्रंश लिहिलाच तर दुसऱ्या भागात लिहिला जातो व गणनेतून निसटतो.

हा फरक किती मोठा असू शकतो याचा अंदाज अमेरिकेतील अँड्रू स्टोक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून येतो. प्रत्यक्ष बौद्धिक चाचण्या झालेल्या ७० ते ९९ वयाच्या लोकांच्या पाहणीवरून त्यांनी काढलेल्या निष्कर्षानुसार १३.६ टक्के मृत्यू स्मृतिभ्रंशामुळे होत होते. दाखल्यांत मूळ कारण म्हणून तो ५ टक्के मृत्यूंतच लिहिलेला होता. ही तफावत सर्वांत सारखी नव्हती. गौरवर्णीयांत ती २.३ पट, तर कृष्णवर्णीयांत ७.१ पट होती. ज्यांच्यापर्यंत निदान पोहोचत नाही, त्यांच्या मृत्यूतही तो रोग पोहोचलेला दिसत नाही.

नोंदीच्या पद्धतीतील बदलानेही आकडे हलतात. इंग्लंड व वेल्समध्ये २०१५ मध्ये स्मृतिभ्रंश व अल्झायमर रोग हे मृत्यूचे पहिल्या क्रमांकाचे कारण ठरले (११.६ टक्के). यामागे वृद्धांची वाढती संख्या व निदानाविषयीची जागरूकता होतीच. पण कारणांना सांकेतिक क्रमांक देण्याच्या नियमांत तत्पूर्वी झालेल्या बदलांचाही त्यात वाटा होता. जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांइतके असूनही दाखल्यांत ‘रोसुई’ म्हणजे वार्धक्याने झालेला क्षय असे लिहिण्याची रूढी प्रबळ आहे आणि २०१८ पासून ते त्या देशातील मृत्यूचे तिसऱ्या क्रमांकाचे कारण बनले आहे. अशा देशांच्या आकड्यांची सरळ तुलना केल्यास रोगाची नव्हे, तर दाखला लिहिण्याच्या चालीरीतींची तुलना होते.

भारत : हरियाणातील बल्लभगढ येथील ग्रामीण भागात १९९० नंतरच्या दशकात झालेल्या भारत-अमेरिका संयुक्त पाहणीत ६५ वर्षांवरील लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण केवळ १.३६ टक्के आढळले होते. तेथे रोग मुळातच कमी होतो, की रुग्ण लवकर मरण पावल्याने पाहणीत सापडत नाहीत, हा वाद त्यातून निर्माण झाला. रुग्ण फार काळ जगत नसतील तर कोणत्याही एका वेळी मोजलेली त्यांची संख्या थोडीच भरते. म्हणजे कमी आकडा हे सुदैवाचे लक्षण असेलच असे नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रव्यापी पाहणीनुसार ६० वर्षांवरील भारतीयांत हे प्रमाण ७.४ टक्के असून रुग्णसंख्या सु. ८८ लाख आहे. स्त्रियांत, ग्रामीण भागात व निरक्षरांत ते अधिक आढळले.

यांपैकी किती जण या रोगाने मरण पावतात, हे सांगण्याचे साधन देशात अपुरे आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार रुग्णालयातील मृत्यूसाठी ‘नमुना ४’ व रुग्णालयाबाहेरील मृत्यूसाठी ‘नमुना ४ अ’ हे वैद्यकीय दाखले ठरविलेले आहेत. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण अशा रीतीने प्रमाणित झाले होते. राज्याराज्यांतील फरक मोठा आहे. गोव्यात जवळजवळ सर्व मृत्यूंचे कारण वैद्यकीय दृष्ट्या प्रमाणित होते. स्मृतिभ्रंशाचे भारतीय रुग्ण बहुतांशी घरीच राहतात व घरीच मरण पावतात. त्यांची शुश्रूषा मुख्यत्वे पत्नी, सून वा मुलगी करते. रोगाचे नाव तिलाही पुष्कळदा माहीत नसते. मृत्यूनंतर ‘वृद्धापकाळाने निधन’ असे सांगितले जाते आणि बातमीतही तेच छापून येते. सर्व वैद्यकीय संस्थांनी मृत्यूच्या कारणाचा दाखला निबंधकाकडे देणे व त्याची प्रत नातेवाइकांस विनामूल्य देणे २०२३ च्या दुरुस्तीने बंधनकारक केले आहे. घरी होणाऱ्या मृत्यूंचा प्रश्न त्याने सुटत नाही.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी काम करणारी अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९९२ मध्ये केरळमध्ये स्थापन झाली. त्याच राज्याने २००८ मध्ये परिहारक (वेदनाशामक) शुश्रूषेचे धोरण स्वीकारले. त्यानुसार प्रशिक्षित परिचारिका व स्वयंसेवक अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या घरी जातात. शय्याव्रण टाळण्यासाठी कूस पालटणे, भरविण्याची योग्य पद्धत, मूत्रनळीची निगा या साध्या वाटणाऱ्या गोष्टी ते घरच्यांना शिकवितात. मृत्यूची जी निकटची कारणे वर सांगितली, त्यांपैकी अनेक अशा साध्या शुश्रूषेने लांबविता येतात किंवा निदान त्यांतील यातना कमी करता येतात.

अखेरच्या आजारात कृत्रिम उपचार नाकारण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी दिलेल्या निर्णयाने मान्य केला व त्याची कार्यपद्धती जानेवारी २०२३ मध्ये सुलभ केली. त्यानुसार सज्ञान व्यक्ती आपल्या इच्छेचा लेख दोन साक्षीदारांसमक्ष करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून ठेवू शकते. असा लेख करताना ती व्यक्ती निर्णयक्षम असावी लागते. स्मृतिभ्रंशात ही क्षमता रोगाच्या मधल्या टप्प्यातच नष्ट होते. त्यामुळे निदान लवकर झाले, तरच रुग्णास या तरतुदीचा उपयोग करता येतो. लेख केलेला नसल्यास कुटुंबीयांची संमती घेऊन, रुग्णालयाने नेमलेली दोन वैद्यकीय मंडळे एकापाठोपाठ एक विचार करून निर्णय देतात.